कोयता वर्षभरही टिकत नाही? नवा घेण्याआधी जुना नीट बघा

गणपती गावी गेले, पाऊस ओसरला, की आमच्या दापोलीकडे बागांची बेणणी, म्हणजे वाढलेली झाडी तोडून साफसफाई, निघते. चार महिन्यांत रानमोडी पुरुषभर वाढलेली असते, गडग्यावर, म्हणजे दगडी बांधावर, घाणेरी बसलेली असते, काजूच्या बुंध्याशी करवंदीची जाळी आणि आंब्याच्या खालच्या फांद्यांना उक्षीच्या वेलांचा विळखा. याच दिवसांत दरवर्षी मला एक फोन येतो. माणूस बदलतो, प्रश्न तोच. "टिकाऊ कोयता कुठे मिळेल रे? गेल्या वर्षी घेतलेला गेला."

गेला म्हणजे काय झालं, असं विचारलं की पलीकडे शांतता. गेला म्हणजे गेला! अरे, पण धार वळली की तुटली? मूठ सुटली की पातं वाकलं? की नुसता पडवीत गंजून पडला? हे सांगितल्याशिवाय नवा कोणता घ्यावा ते कसं सांगणार? कोयता पाच-सहा तऱ्हांनी मरतो आणि प्रत्येक तऱ्हेचं कारण निराळं असतं. ते न बघता नवा घेतला की पुढच्या बेणणीला तोही त्याच वाटेने जातो, आणि आपण लोखंडाला शिव्या घालत बसतो.

मीही तेच करायचो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडे किनाऱ्याला लागलं आणि दापोली-मंडणगडलाही त्याने झोडपून काढलं. आमच्या वाडीत माड-पोफळी आडव्या, हापूसची जुनी कलमं मुळासकट उपटलेली. घरातून रस्त्यापर्यंत जायलासुद्धा वाट तोडावी लागली. बाजारातले कोयते दोन दिवसांत संपले. मला जे दोन मिळाले ते घेतले, एक चकचकीत आणि एक काळा. चकचकीताची धार दुसऱ्याच दिवशी वळून तिच्या लाटा झाल्या. काळ्याची धार तिसऱ्या दिवशी उंदराने कुरतडल्यासारखी दिसायला लागली. दोन्ही घेऊन मी आमच्या लोहारकाकांकडे गेलो आणि म्हटलं, "दोन्हीचं लोखंड भिकार आहे."

काकांनी काही न बोलता कानस उचलली. चकचकीताच्या धारेवर एकदा ओढली, तर ती करकरत खोल शिरली आणि कीस पडला. काळ्यावर ओढली, तर सुर्रकन घसरली, ओरखडासुद्धा उठला नाही.

"हा मेण आहे आणि हा काच," ते म्हणाले. "आता दोघांना एकच औषध कसं देऊ?"

तेव्हापासून मी कोयत्याची तक्रार ऐकली की आधी कानस मागतो. पन्नास-शंभर रुपयांची जुनी कानस असली तरी चालते.

धार वळते

धार वळणं म्हणजे पातं मऊ आहे. आता ते मूळचंच मऊ आहे की नंतर कोणी मऊ केलं, हे बघायचं. त्यासाठी कानस फक्त धारेवर न लावता पाठीकडेही लावून बघा.

सगळीकडे सारखीच आत शिरत असेल तर बहुधा ते साधं लोखंड आहे, ज्याला दुकानदार एम.एस. म्हणतात. त्यात कार्बन पाव टक्क्याहूनही कमी. पोलाद कडक होतं ते कार्बनमुळे, आणि तो एवढा कमी असला की लोहाराने कितीही लाल करून कितीही पाणी पाजलं, म्हणजे लालबुंद पातं बुडवून झटकन विझवलं, तरी ते कामापुरतं कडक होत नाही. अशा कोयत्याला औषध नाही. त्याच्यावर पैसे घालू नका. गवत, ओली रानमोडी, केळीची पानं यांच्यासाठी ठेवा.

तुलनेला गाडीचा स्प्रिंगचा पाटा घ्या. त्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६५ टक्के असतो. म्हणून गावोगावचे लोहार पिढ्यान्‌पिढ्या भंगारातला पाटा धरून कोयते घडवत आले आहेत. आणि तुमच्याकडे ग्राइंडर असेल तर ठिणग्या बघूनही हे ओळखता येतं. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ जातात आणि फारशा फुटत नाहीत. पाट्याच्या ठिणग्या जवळच फुलबाजीसारख्या फुटतात. दोन्हींचे तुकडे शेजारी ठेवून एकदा बघितलं की पुन्हा चुकत नाही. (कोयत्याच्या पाठीवर बघा, धारेवर नको. का ते लगेच येतं.)

निळा डाग

पाठ कडक, पण धार मात्र मऊ, असं निघालं तर धारेजवळ निळसर किंवा जांभळट पट्टा दिसतो का बघा. दिसला तर गुन्हेगार ग्राइंडर.

या विषयावर मी थोडा जास्त बोलणार आहे, कारण आजकाल आमच्या भागात जितके चांगले कोयते दगडावर आपटून मरत नाहीत तितके हँड ग्राइंडरने मरतात. पोलाद गरम होत गेलं की घासलेल्या जागेवर रंग चढतात. २२०-२३० अंशांच्या आसपास सुक्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, २८० च्या आसपास जांभळा, ३०० जवळ निळा. रंग जितका पुढे सरकतो तितका कडकपणा उतरतो. धारेची कड कागदासारखी पातळ असते, तिला उष्णता जायला जागा नाही. ग्राइंडरची चकती एका जागी दोन-तीन सेकंद टेकली तरी कड निळी होते, आणि निळ्याच्याही पुढे जाऊन राखाडी झाली तर ती जागा मेणच झाली म्हणा. पुढची गंमत अशी की धार लगेच चढते, वस्तरा झाल्यासारखी वाटते, आणि अर्ध्या तासात वळते. मग माणूस पुन्हा ग्राइंडर लावतो. पुन्हा निळी, पुन्हा मऊ. पातं दरवर्षी पाव इंच झिजतं आणि म्हणायचं काय, तर हल्ली पूर्वीसारखं लोखंड येत नाही.

मी माझा सगळ्यात चांगला कोयता असाच घालवला. वडिलांच्या वेळचा होता. घाई होती, पडवीत ग्राइंडर नवाच आणलेला होता, हौस होती. काकांनी तो हातात घेतला, निळा पट्टा अंगठ्याने चाचपला आणि परत दिला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

यावर उपाय आहे. निळा भाग फक्त कडेलाच असेल तर कानशीने तेवढा दोन-तीन मिलिमीटर काढून टाकायचा, खालचं पातं अजून शाबूत असतं. मेहनत आहे, पण होतं. पट्टा बोटभर आत गेला असेल तर लोहाराकडून पुन्हा पाणी देऊन घ्यावं लागेल. आणि पुढे धार लावायला कानस आणि पाण्याचा दगड एवढंच वापरा. ग्राइंडर लावायचाच असेल तर चकतीला धार टेकवून पातं लगेच पाण्यात बुडवा, आणि पाण्याबाहेर पातं हाताला चटका देईल इतकं कधी तापू देऊ नका.

धारेचे तुकडे उडतात

इथे घाई करून "पाणी जास्त झालं" असं म्हणू नका. तुकडे कुठे आणि कशा आकाराचे उडाले ते आधी बघा.

सगळ्या धारेवर बारीक बारीक खांडी असतील आणि कानस घसरत असेल, तर खरंच पातं काच झालंय. नवी कानस कडकपणा मोजायच्या रॉकवेलच्या मापात साठीच्या वर असते. झाडी तोडायचा कोयता पन्नास ते पंचावन्नच्या दरम्यान असला की पुरतो. कानशीच्या जवळ गेलेला कोयता लाकडाच्या गाठीवर टिकत नाही. लोहाराने पातं लाल करून विझवलं आणि नंतर पुन्हा हलकं तापवून त्याचा ताठा उतरवला नाही, तर असं होतं. पाट्याच्या पोलादाला तेलात विझवणं मानवतं. पाण्यात बुडवलं तर ते फार जोरात आवळतं, कधी कधी केसासारखी चीरही जाते. या दुखण्याला औषध सोपं आहे. पातं घासून लखलखीत करायचं, पाठीकडून हळूहळू ताप द्यायचा आणि रंग धारेकडे सरकताना बघत राहायचं. धार तपकिरी होऊन जांभळटाकडे वळली की थांबायचं. माझ्या त्या काळ्या कोयत्याला काकांनी एवढंच केलं. आज सहा वर्षं होत आली, तो चालू आहे. चकचकीत घरात कुठे आहे तेही मला ठाऊक नाही.

पण खांडी फक्त टोकाकडच्या वीतभर भागात असतील आणि बाकीची धार ठीक असेल, तर दोष पात्याचा नाही. तो जांभ्याचा आहे, म्हणजे तुमचा. आपल्याकडे जमीन कुठेही उकरा, चार बोटांखाली जांभा. रानमोडीच्या मुळाशी वार घातला की टोक पुढे जाऊन दगडाला लागतं. गडग्यावरची घाणेरी तोडताना तर प्रत्येक दुसरा वार दगडावरच. त्यासाठी कोणतंच पोलाद बनलेलं नाही. मुळाशी वार घालायचाच असेल तर जमिनीपासून चार बोटं वर घाला आणि खुंट नंतर कुदळीने काढा. गडग्यावरची झाडी काठीने ओढून बाहेर घ्या, मग तोडा.

अर्धचंद्रासारखा एकच मोठा तुकडा उडाला असेल तर तो पिळल्याने गेला. कोयता लाकडात अडकला की आपण मनगट फिरवून तो सोडवतो. धार समोरून येणारा मार सोसते, बाजूने पिळलेलं तिला सोसत नाही. अडकलेला कोयता आला त्याच रेषेत मागे ओढायचा, नाहीतर फांदी हलवून फट मोकळी करायची.

कोयता उसळतो किंवा रुतून बसतो

धार ना वळली ना तुटली, तरी काम होत नाही, अशी तक्रारही येते. ही धारेच्या कोनाची. फार पातळ धार लाकडात खोल जाऊन रुतते, फार जाड धार फांदीवरून उसळते, आणि उसळलेला कोयता बहुतेक वेळा आपल्याच नडगीकडे येतो.

गवत आणि ओल्या झाडीसाठी प्रत्येक बाजूला साधारण वीस अंश आणि लाकडासाठी पंचवीस ते तीस अंश ठेवा. कोन मोजायला कागदाचा काटकोनी कोपरा घ्या, तो एकदा दुमडा, पुन्हा दुमडा. राहतो तो साडेबावीस अंशांचा कोन. तो पात्याला टेकवून कानस त्या तिरपेने धरायची. मी सुरुवातीला करायचो, आता हाताला सवय झाली.

एक मात्र लक्षात घ्या. माड, पोफळ आणि बांबू यांच्यात वाळूचाच अंश असतो, सिलिका. त्यामुळे त्यांच्यावर धार लवकर बोथटते, कोयता कितीही चांगला असो. वादळानंतर पोफळी तोडताना दर तासाला कानस फिरवावी लागायची. तेव्हा मी कोयत्याला दोष देत होतो. बांबूवर एका दिवसात धार गेली म्हणून कोणी नवा कोयता घ्यायला निघाला तर त्याला आधी कानस घ्यायला सांगा.

तोडायची पद्धतही यातच आली. फांदीवर काटकोनात वार घातला तर निम्मी ताकद वाया जाते. तिरपा, पंचेचाळीस अंशांच्या आसपास वार घातला की रेषा आपोआप फाटत जातात. मनगटापेक्षा जाड लाकूड असेल तर कोयता बाजूला ठेवा आणि कुऱ्हाड किंवा करवत घ्या. कोयत्याने बुंधे पाडण्यात पुरुषार्थ नाही, नुसता वेळ जातो.

मूठ हलते

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, म्हणतात. कोयत्याची मूठ मालकाच्या तळव्यास काळ. कोकणात कोयते धारेने कमी आणि मुठीने जास्त मरतात, असं माझं मत आहे. कारण हवा. पावसाळ्यात तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, लाकूड पाणी पिऊन फुगतं, मूठ गच्च बसलेली वाटते. दिवाळीनंतर कोरडा वारा सुटला की तीच मूठ आकसते आणि पातं खुळखुळायला लागतं.

मग आपण काय करतो? कोयता रात्रभर बादलीत ठेवतो. सकाळी मूठ घट्ट! हा आमच्या गावातला सर्वांत लाडका उपाय, आणि याच उपायाने मूठ कायमची बिघडते. लाकूड फुगायला जातं, आत लोखंड, बाहेर कडी, जागा नाही. मग लाकडाचे तंतू आतल्या आत चेंगरतात. वाळल्यावर ते पूर्वीपेक्षाही जास्त आकसतात. म्हणून दर वेळी बादलीत ठेवल्यावर पुढच्या वेळी मूठ आणखी ढिली झालेली मिळते.

खरा उपाय असा. मूठ काढा, आठवडाभर सावलीत पूर्ण सुकू द्या. पात्याची मुठीत जाणारी शेपटी घासून स्वच्छ करा. पोकळीत अरल्डाइट भरून ती परत बसवा, किंवा जुन्या पद्धतीने लाख वितळवून ओता. शेपटी मुठीच्या मागून बाहेर येत असेल तर तिथे वायसर घालून टोक ठोकून मुडपा. मग मुठीला जवसाचं तेल दोन-तीनदा पाजा, म्हणजे पाणी आत शिरायला वेळ लागतो. रंग किंवा चकचकीत वार्निश नको, घामाच्या हातातून निसटतं. आणि सायकलची ट्यूब गुंडाळायची तर त्याआधी हाताला फोड आले की काय करायचं ते ठरवून ठेवा.

मुठीचं लाकूड बदलायचं तर मी शिवण घेतो. हलकं असतं, पण फुगणं-आकसणं कमी. ओल्या लाकडाची मूठ कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, ती दोन महिन्यांत चिरते.

शेपटीच मोडली असेल तर ती कुठे मोडली ते बघा. पातं संपून शेपटी सुरू होते तिथे काटकोनी खाच असली तर प्रत्येक वाराचा ताण त्या एका कोपऱ्यात गोळा होतो आणि एक दिवस तिथून तुटते. तिथे गोलाई हवी. नवा कोयता घेताना मी हे सगळ्यात आधी बघतो, धारेच्याही आधी, कारण धार पुन्हा लावता येते.

गंज

समुद्राची हवा आहे, गंज येणारच. काजू, कोकम, आंबा यांचा चीक पात्यावर राहिला तर रात्रीत काळे डाग पडतात. ऐन, खैर यांच्या सालीतल्या तुरट रसानेही पातं शाईसारखं काळं होतं. काळ्याची काळजी करू नका, लालची करा. संध्याकाळी राखेने घासून, पुसून, खोबरेल तेलाचा हात फिरवला की पुरे. ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवू नका. जुने लोक कोयता चुलीच्या वरच्या वाशाला अडकवायचे, त्यात शहाणपण होतं.

मग नवा कोणता?

आता तुमचा जुना कोणत्या रोगाने गेला ते तुम्हाला कळलं असेल, तर निवड सोपी आहे. आधी काम ठरवा.

नुसती रानमोडी, गवत, घाणेरीची कोवळी फूट असेल तर ऑनलाइन मिळणारी दक्षिण अमेरिकी धाटणीची मशेटी चांगली. साधारण दोन मिलिमीटर जाड, पंचेचाळीस सेंटीमीटर लांब पातं, हलकं, दिवसभर फिरवलं तरी खांदा भरत नाही. ब्राझील आणि मध्य अमेरिकेत ऊस नि झाडी तोडायला हीच असते. पण ती करवंदीच्या जुन्या बुंध्यावर घातली की पातं थरथरतं आणि मनगटात कळ येते. घाटावरून बाजारात येणारा ऊसतोडीचा कोयताही तसाच, उसासाठी झकास, आपल्या जाळीत बिचारा. पाठीला करवतीचे दात असलेले, सिनेमात शोभतील असे स्टीलचे कोयते मी घेत नाही आणि कोणाला घ्यायला सांगत नाही. ते दात कशालाच उपयोगी पडत नाहीत आणि पाठ हाताने दाबायची वेळ आली तर आपल्यालाच लागतात.

करवंद, कुडा, उक्षीचे जाड वेल, मनगटाएवढ्या फांद्या, कवळ (पाल्यासकट डहाळ्या) तोडणं, अशा मिश्र कामाला आपला लोहाराचा कोयताच हवा. टोकाला आत वळलेली चोच, पाठ मुठीजवळ पाच-सहा मिलिमीटर आणि टोकाकडे उतरत गेलेली, सगळं मिळून सहाशे ते आठशे ग्रॅम. चोचीचा उपयोग वार घालण्यापेक्षा ओढण्यात जास्त आहे. काटेरी वेल चोचीत धरून खेचला की हात जाळीत घालावा लागत नाही. आणि करवंदीच्या जाळीत हात घालायचाच नसतो. तिथे फुरसं बसलेलं असतं, रंग पाचोळ्याचाच. डाव्या हातात फाटा ठेवलेली काठी घ्या, आधी हलवा, मग तोडा. कोयता कमरेच्या आकडीला, पायात बूट.

लोहाराकडून घडवून घेणार असाल तर पाटा कोणता घालणार ते विचारा. जीप किंवा टेंपोचा पाटा सहा-आठ मिलिमीटरचा असतो, त्याला घडाई कमी लागते. ट्रकचा जाड, तो पातळ करताना लोहार कंटाळतो आणि मजुरी वाढते. पाट्याच्या मधल्या भोकाजवळचा तुकडा नको म्हणून सांगा, जुन्या पाट्यात चिरा तिथूनच सुरू होतात. पाणी कशात देणार, तेलात की पाण्यात, हेही विचारा. चांगला लोहार या प्रश्नाने रागावत नाही, उलट खुलतो. आमचे काका तर चुंबक दाखवतात. पोलाद साधारण ७७० अंशांना तापलं की चुंबक त्याला चिकटेनासं होतं. त्या खुणेच्या थोडं पुढे नेऊन ते विझवतात.

तयार घेत असाल तर दुकानातच चार गोष्टी करा. धारेच्या रेषेत एक डोळा मिटून बघा, पातं सरळ आहे का. पाठीवर नखाने किंवा नाण्याने टिचकी मारा. टणक, लांब राहणारा आवाज यावा. बद्द आवाज आला तर मूठ ढिली किंवा कुठेतरी चीर. टोक लाकडावर टेकवून हलका बाक द्या, सोडल्यावर पूर्ण सरळ झालं पाहिजे. आणि खिशातली कानस धारेच्या एका कोपऱ्यावर ओढा. ती किंचित धरली पाहिजे, कष्टाने. सहज शिरली तर मेण, घसरली तर काच. दुकानदार कानस लावू देत नसेल तर दुसरं दुकान.

वजन हातात घेऊन बघताना तोल कुठे पडतो तेही पाहा. मुठीपासून चार-पाच बोटं पुढे पडला तर कोयता स्वतः काम करतो. टोकाकडे फार गेला तर दुपारनंतर खांदा बोलायला लागतो.

आणि एक, "लहान झाडं" साफ करायची म्हणून सरसकट कोयता चालवू नका. खैर, ऐन, किंजळ, आंबा, फणस, जांभूळ ही झाडं राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या बागेतली असली तरी तोडायला परवानगी लागते. खाडीकाठच्या कांदळवनाला तर हातच लावायचा नाही.

घडवून घ्यायचा असेल तर लोहाराला श्रावणातच सांगून ठेवा. भाद्रपद संपला की त्याच्याकडे रांग लागते आणि रांगेतला कोयता घाईत विझवला जातो.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे परवा पुण्याच्या आतेभावाने फोटो पाठवला. दोन वर्षांपूर्वी काकांकडून घडवून दिलेला कोयता, धार पार वळलेली. "तुझ्या लोहाराचा माल काही खरा नाही," असं खाली लिहिलेलं. फोटो मोठा करून बघितला, तर धारेच्या मधोमध छान मोरपंखी निळा पट्टा.

"ग्राइंडर कुठून आणलास?" मी विचारलं.

"कुठून म्हणजे? गणपतीत तुझ्याच पडवीतून."